जर्मनचं गाव

मी मामूंना 'जर्मनचं गाव' दाखवायला नेलं. 'जर्मनांचं गाव' म्हणायला हवं होतं.

चूक एवढीच. एक 'आं' खाल्ला, तोही भूक नसताना. ज्यांच्या घरी स्टील उशिरा पोचलं त्यांना पुढे काय झालं असेल याचा अंदाज आलाच असेल. बाकीच्यांसाठी सांगतो. आमच्या किनाऱ्यावर ॲल्युमिनियमला कोणी ॲल्युमिनियम म्हणत नसे. तो शब्द म्हणून होईपर्यंत भात करपला असता, म्हणून नुसतं जर्मन. टोप जर्मनचा, डबा जर्मनचा, मशिदीच्या हौदावरचा तांब्यासुद्धा जर्मनचा. जर्मनी नावाचा एक देशही आहे हे आम्हाला शाळेत कळलं, तेव्हा माझ्या बाकावरच्या मुलाने मास्तरांना विचारलं होतं, "मग तिथे पितळेला काय म्हणतात?"

गोष्ट दुबईतली, साठच्या दशकाच्या मध्यावरची. अमिरात हे नाव अजून जन्मायचं होतं. देरा, मध्ये खाडी, पलीकडे बर दुबई, आणि त्यानंतर नजर पोचेल तिथवर वाळू. आता तिथे इतके टॉवर उभे आहेत की मलाच रस्ता विचारावा लागतो. तिथल्या अल नहदा वस्तीत राहणाऱ्या भाचीच्या मुलांना मी ही गोष्ट सांगायला लागलो की ती म्हणतात, "ओह, लाइक अ थीम पार्क?" हो बाबांनो, थीम पार्कच. फक्त तिकीट नव्हतं, आणि लोकांची करमणूक करायला यंत्रं नव्हती. मी होतो.

मी तेव्हा देऱ्यात एका किराणा दुकानात कामाला होतो. मालक आमच्याच बाजूचे, रायगडच्या किनाऱ्यावरचे. त्यांना सगळेच चाचा म्हणायचे. परदेशी कंपन्यांच्या कॅम्पांना कांदे, बटाटे, तांदूळ आणि सोडा पोचवणं हे माझं काम. दुकानावरच्या खोलीत राहणं, हाताने रांधणं, आणि गावाकडून कोणी आलं की त्याच्यासमोर मोठेपणा मिरवणं. ह्यातल्या तिसऱ्या कामाचा पगार नव्हता, पण तेच मी सगळ्यात मन लावून करायचो.

त्या कॅम्पांतला एक जर्मन लोकांचा होता. पाण्याचे नळ टाकायला आलेले इंजिनियर. त्यांच्या मोठ्या साहेबाला घरची आठवण फार यायची. घरची आठवण आली की माणूस पत्र लिहितो, गाणं म्हणतो, फार तर रडतो. ह्या माणसाने गाव बांधलं. कॅम्पशेजारच्या मोकळ्या वाळूत प्लायवुडच्या घरांचा नुसता दर्शनी भाग ओळीने उभा केला. त्याला पांढरा रंग दिला, वर तपकिरी पट्टे आडवे-तिरपे ओढले. खिडक्यांत कागदाची लाल फुलं. छपरांवर कापसाचा बर्फ. मागे एक डोंगर, तोही प्लायवुडचाच. त्याच्या शिखरावरचा पांढरा रंग उन्हाने पिवळा पडला होता, त्यामुळे डोंगरावर कोणी वरण सांडल्यासारखं दिसायचं. एक पाणचक्की होती, पाणी सोडून सगळं असलेली. रस्त्याच्या तोंडाशी पाट्या होत्या, अमुक शहर इकडे, तमुक शहर तिकडे, आणि सगळे बाण वाळूतच जायचे.

शुक्रवारी दुपारनंतर हे गाव सगळ्यांसाठी खुलं असे. इंग्रज साहेब बायकामुलांना घेऊन येत, व्यापाऱ्यांची पोरं नव्या गाड्या घेऊन येत. एकदा वाळवंटातले काही बदू शेळ्या घेऊन आले. शेळ्यांनी एका घरावरचा बर्फ खाल्ला. तेव्हापासून त्या घरावर उन्हाळा आणि शेजारच्या घरावर हिवाळा.

मला ते गाव मनापासून आवडायचं. मी जर्मनी पाहिलेली नव्हती, त्यामुळे मला त्यात काही उणं दिसत नसे.

आता मामू. माझ्या आईचे चुलतभाऊ. रत्नागिरीकडच्या एका बंदरगावात त्यांचं भांड्यांचं दुकान होतं. ते मुंबईहून बोटीने दुबईला आले होते ते मला बघायला. त्यांच्या थोरल्या मुलीसाठी माझं नाव निघालं होतं. ती मला लहानपणापासून ओळखत होती, आणि हेच माझ्या विरुद्ध जाणारं होतं.

मला मात्र तीच हवी होती. त्याचं कारण एका लग्नातलं. मी पंगतीत रश्श्याची बादली घेऊन वाढत होतो. मांडवाच्या दोरीत पाय अडकला आणि मी बादलीसकट नवरदेवाच्या काकांच्या मांडीवर गेलो. सगळे ओरडले, कोणी धावले, कोणी शिव्या दिल्या. ती एकटी मांडवाचा खांब धरून हसत होती. खांब हलत होता. मला वाटलं, माणूस पडल्यावर इतकं मोकळं हसणारी बाई घरात असली तर माणसाला पडायची भीती राहणार नाही. आणि मला तर रोजच पडायचं होतं.

मामूंनी आल्या आल्या चाचांसमोर सांगून टाकलं, "मी ऐकून पोरगी देणारा माणूस नाय. बघेन, वाजवेन, आणि परतीच्या बोटीत चढायच्या आधी काय ते सांगेन."

वाजवेन हे ते उगीच बोलले नव्हते. मामू कुठलीही वस्तू हातात घेतली की उजव्या हाताच्या मधल्या बोटाने टिचकी मारायचे आणि कान पुढे करायचे. त्यांचं म्हणणं असं की पितळ गातं, तांबं बोलतं आणि जर्मन नुसता हुंकार देतं, पण त्या हुंकारावरूनही भांड्याचं कूळ कळतं. सवयच इतकी की ते कलिंगड, दरवाजा, बोटीचा कठडा, सगळंच वाजवायचे. चाचांच्या दुकानात त्यांनी तुपाचा डबा वाजवला आणि म्हणाले, "अर्धा." चाचा दिवसभर त्यांच्याशी जपून बोलत होते.

पहिल्या संध्याकाळी मी त्यांना खोलीवर जेवायला बोलावलं. सुरमईचं कालवण मी बिस्किटांच्या मोठ्या पत्र्याच्या डब्यात केलं होतं. मामूंनी डब्याला टिचकी मारली. डब्याने "टण्" असा अत्यंत निर्लज्ज आवाज काढला.

"तुझा टोप कुठाय रे?" त्यांनी विचारलं. "तुझ्या आईने तू निघालास तेव्हा माझ्याकडून नेलेला?"

"आहे, मामू."

"कुठे?"

"एका मोठ्या ठिकाणी आहे."

"टोप मोठ्या ठिकाणी, आणि तू बिस्किटांच्या डब्यात," मामू म्हणाले आणि कालवणाचा वास घेतला. त्यात बिस्किटाचा वास होताच.

खरं म्हणजे टोप जर्मन कॅम्पच्या स्वयंपाकघरात होता. तिथल्या गोव्याच्या खानसाम्याचं मोठं भांडं बुडाला फुटलं तेव्हा तो म्हणाला होता, एखादं भांडं दे दोन दिवस. मी दिलं. मोठ्या कॅम्पात आपलं भांडं आहे ह्या विचारानेच माझी कॉलर ताठ झाली. दोन दिवसांचे महिने झाले, आणि मागायला गेलं की खानसामा मला गरम बटाटा द्यायचा, तो खाता खाता टोपाचं बोलायचं राहून जायचं.

पण होणाऱ्या सासऱ्याला हे कसं सांगणार? मी विषय बदलला. विषय बदलायला माझ्याकडे एकच मोठी गोष्ट होती.

"मामू, शुक्रवारी तुम्हाला एक जागा दाखवतो," मी म्हणालो. "इथे जर्मनचं गाव आहे. अख्खं गाव. आणि माझं तिथे नाव आहे."

मामूंचा घास हातातच राहिला.

"जर्मनचं गाव?"

"जर्मनचं."

"म्हणजे घरं जर्मनची?"

"सगळी घरं जर्मनची."

"आणि छपरं?"

"छपरं काय, खिडक्यांतली फुलंसुद्धा जर्मनची आहेत, मामू."

"ह्या उन्हात तापत नाय?"

"तापणारच की. पण त्यांना सवय झालीय."

मामूंनी घास ताटात ठेवला. मग हळूच म्हणाले, "माझा बाप पितळ विकायचा. दुकानात जर्मन आणलं मी. बाप तीन महिने माझ्याशी बोलला नाय. म्हणायचा, हलकं भांडं हलक्या माणसाचं. आज असता तर त्याला सांगितलं असतं, बाबा, तिकडे गाव उभं आहे जर्मनवर."

मला त्यातलं काहीच कळलं नाही. मला वाटलं, वयस्कर माणूस, प्रवासाचा शीण. मी म्हणालो, "होय होय, मामू. अजून थोडं कालवण घ्या."

शुक्रवारी नमाजानंतर चाचांनी पिकअप दिली, सोबत त्यांचा बलुची ड्रायव्हर. मामू गोणपाटाची पोती आणि सुंभाची भली मोठी गुंडाळी घेऊन खाली उतरले.

"सुंभ कशाला, मामू?"

"असू दे. काय बरं मिळालं तर बांधायला."

मला वाटलं शिंपले गोळा करायचे असतील. मी म्हणालो, "तिथे शिंपले नाहीत." मामूंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढे बोललो नाही. ड्रायव्हर म्हणाला, "यल्ला," आणि आम्ही निघालो.

वाटेत मामू रंगात आले होते. मी त्यांना इतकं बोलकं कधी पाहिलं नव्हतं. ते विचारत होते आणि मी पुढच्या सीटवर मधोमध दाबला जाऊन आनंदाने उत्तरं देत होतो.

"पाऊस पडला तर आवाज केवढा होत असेल रे."

"इथे पाऊस कुठला, मामू? पण वारा सुटला की सगळं गाव खडखडतं."

"खडखडणारच. आणि घड्याळ वगैरे?"

"मोठं घड्याळ आहे. जर्मनचं. त्यातून पक्षी बाहेर येतो."

"पक्षी पण?"

"पक्षी पण जर्मनचाच."

मामू खूश होऊन मांडीवर थाप मारत होते. थाप माझ्या मांडीवर पडत होती. मी चढतच गेलो.

"आणि मामू, माणसं बघाल तर एकेक माणूस असला जाडजूड. पक्का जर्मनचा."

मामूंची थाप थांबली. त्यांनी खांद्यावरचा रुमाल काढून कपाळ पुसलं, मग माझ्या कपाळाला हात लावून पाहिला, आणि ड्रायव्हरला हिंदीत म्हणाले, "भाई, गाडी में पानी है? लडके को धूप लगा है."

मी पाणी प्यायलो. माझ्या होणाऱ्या सासऱ्याला माझी काळजी आहे म्हणून मला भरून आलं.

आम्ही पोचलो तेव्हा मोठा साहेब वेशीवरच उभा होता. शुक्रवारी तो आपल्या मुलुखाचा पोशाख करायचा. कातड्याची आखूड चड्डी, तिला खांद्यावरून पट्टे, डोक्यावर पीस खोचलेली टोपी, आणि मध्ये दोन गुलाबी गुडघे. मामूंनी गुडघे पाहिले आणि नजर दुसरीकडे वळवली.

"हा कोण?"

"हेच मोठे साहेब. सगळ्यांवर ह्यांचा हुकूम चालतो."

"आणि ह्याच्या पाटलोणीवर कोणाचा हुकूम चालला?"

साहेबाने टोपी काढली आणि गडगडाटी आवाजात म्हणाला, "ग्रूस गॉट."

"काय म्हणतो?"

जर्मन मला तेवढीच येत होती जेवढी मामूंना. पण माझं तिथे नाव होतं. मी म्हणालो, "सलाम म्हणतायत."

"मला वाटलं गुरांचा गोठा कुठाय विचारतो," मामू म्हणाले. त्यांनी सलामाला सलाम केला, आणि साहेब वळायच्या आत पहिल्या घराच्या भिंतीला टिचकी मारली.

टक.

मामूंनी कान पुढे केला. पुन्हा टिचकी. टक. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग थोडा उतरला.

साहेबाला वाटलं, पाहुणा सभ्य आहे, दारावर ठोठावून आत येऊ का विचारतोय. त्याला हे इतकं आवडलं की तो धावत भिंतीच्या मागे गेला आणि तिकडून प्रेमाने ओरडला, "हेराइन."

"काय हेरतोय तो?" मामूंनी विचारलं.

"या म्हणतायत." हे मात्र चुकून बरोबर निघालं.

दार उघडलं. दारामागे साहेब आणि त्याच्यामागे क्षितिजापर्यंत वाळू. मामूंनी आत पाऊल टाकलं, म्हणजे बाहेर. वर पाहिलं, आकाश होतं. ते परत आले आणि पुढच्या घराकडे गेले. टक. साहेब पळत त्या घरामागे. "हेराइन." पुढचं घर. टक. "हेराइन." असं करत मामूंनी सगळी आळी वाजवली आणि साहेब घामाघूम होऊन प्रत्येक दारातून नव्याने स्वागत करत राहिला. आयुष्यात त्याच्या गावाला इतका कदरदान पाहुणा मिळाला नव्हता. काही इंग्रज बायका थांबून बघायला लागल्या. त्यांना वाटलं हा कार्यक्रमाचाच भाग आहे. एकीने टाळ्या वाजवल्या.

मग मामूंनी डोंगर वाजवला. पाणचक्की वाजवली. दुकानाच्या देखाव्यात टांगलेल्या रंगीत प्लॅस्टरच्या सॉसेजच्या माळा वाजवल्या. मी घाईघाईने म्हणालो, "मामू, त्यांना हात नको, ते मांस आहे, आपल्याला चालणारं नाही."

टिचकी. "ह्याला कुठलाच धर्म नाय," मामू म्हणाले. "चुना आहे."

घड्याळ तेवढं खरं होतं, पण त्यात वाळू गेली होती. मामू त्याच्याखाली जाऊन उभे राहिले आणि त्यांनी बोट उचललं, तोच पक्षी बाहेर आला, मामूंकडे बघून एकदाच खाकरला आणि तसाच बाहेर अडकून राहिला.

साहेबाने मला मोडक्या इंग्रजीत विचारलं, पाहुण्यांना गाव कसं वाटलं?

"मामू, कसं वाटलं विचारतायत."

"सांग त्याला, लाकूड आहे," मामू म्हणाले. "सगळं लाकूड. त्यालाही कोणी फसवलं असेल तर सांगून ठेवलेलं बरं."

"ही सेज, व्हेरी स्ट्राँग," मी साहेबाला सांगितलं.

साहेबाने आम्हाला बाकावर बसवून मोठाल्या काचेच्या मगांत संत्र्याचा सोडा दिला. सोडा मीच पोचवलेला. मामू मग हातात धरून बसले. पीत नव्हते. गोणपाटाची पोती त्यांच्या पायाशी होती. त्यांचा चेहरा पडला होता. काहीतरी बिनसलं होतं आणि काय ते मला समजत नव्हतं. परतीची बोट दोन दिवसांवर होती. मांडवाचा तो हलणारा खांब मला दिसायला लागला, आणि त्याला धरून हसणारी ती दुसऱ्याच कोणाच्या तरी पडण्यावर हसत होती.

"मामू, तुम्हाला गाव आवडलं नाही?"

"गाव चांगलं आहे," मामू म्हणाले. "जर्मन कुठाय?"

मी मोठ्या साहेबाकडे बोट दाखवलं. "हे काय समोर."

मामूंनी साहेबाकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. काही बोलणार तोच, कॅम्पच्या बाजूने, खऱ्या पत्र्याच्या शेडमधून, कोणीतरी भांडं आदळल्याचा आवाज आला. घुमणारा नाही, बोलका नाही, नुसता एक बसका हुंकार.

मामू ताडकन उठले. "ते बघ," म्हणाले. "ते जर्मन."

आणि सोडा बाकावर ठेवून चालायला लागले. मी मागून धावलो. साहेब माझ्या मागून. आळी ओलांडून, डोंगराला वळसा घालून मामू सरळ स्वयंपाकघरात शिरले, साहेब दाराबाहेरच थांबला. गोव्याचा खानसामा टोपातले बटाटे परातीत ओतत होता. मामूंनी रिकामा टोप त्याच्या हातातून घेतला, रुमालाने पुसला आणि टिचकी मारली. कान लावला. डोळे मिटले. बंदरावर खूप दिवसांनी उतरलेल्या भावाला मिठी मारताना माणसाचा होतो तसा त्यांचा चेहरा झाला.

मग त्यांनी टोप उलटा केला.

आमच्याकडे भांडं विकत घेतलं की दुकानदार त्यावर छिन्नी-हातोडीने टिंबं टिंबं टोचून नाव घालून देतो. ह्या टोपाच्या बुडाशी, काजळीच्या कडेला, वळणदार टिंबांत माझं पूर्ण नाव होतं. खाली 'आईकडून'.

शेडमध्ये फक्त बटाट्यांची वाफ हलत होती.

"माझं तिथे नाव आहे म्हणालास," मामू म्हणाले. "आहे. खोटं नाय. मीच घातलंय."

मी परातीतले बटाटे मोजायला लागलो.

"काय शिजवतोस ह्यात?" मामूंनी खानसाम्याला विचारलं.

"बटाटे," तो म्हणाला.

"आणि?"

"बटाटेच, बाबा. जर्मन माणसाला बटाटा दिला की तो दुसरं काही मागत नाय."

"जर्मन माणसाला," मामू हळूहळू म्हणाले. त्यांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. पाट्या, पट्टे, पीस खोचलेली टोपी, गुलाबी गुडघे. भांड्याला पॉलिश चढावं तसा त्यांच्या चेहऱ्यावर उलगडा चढत गेला. "म्हणजे हे गाव जर्मनचं नाय."

"नाही?" मी म्हणालो.

"जर्मनांचं."

तेव्हा, इतक्या उशिरा, माझ्या डोक्यात तो दिवा लागला. जर्मनची घरं. तापणारी छपरं. खडखडणारं गाव. पोती. सुंभ. पक्का जर्मनचा जाडजूड माणूस. मला पोटातून हसू यायला लागलं. हसलो असतो तर लग्न गेलं असतं आणि न हसतो तर जीव. मी खोकल्याचं नाटक केलं.

"मधला 'आं' कुठे गेला?" मामूंनी विचारलं.

"खाल्ला, मामू."

"टोप नव्हता म्हणून जे हाती लागेल ते खातोस काय?"

मी मान खाली घातली. मामूंनी टोप काखेत मारला आणि बाहेर पडले. झालं, मला वाटलं. खलास. आता हे घरी जाऊन सांगणार, पोरगा आईचं भांडं परक्यांच्या चुलीवर ठेवून आपण डब्यात जेवतो, आणि बोलायला लागला की अनेकवचन गाळतो.

पण साहेबाला ह्यातलं काहीच माहीत नव्हतं. त्याच्या मते आजचा दिवस थोर होता. तो गळ्यात कॅमेरा अडकवून आमची वाटच बघत होता. आळीच्या टोकाला त्याने एक फळी उभी केली होती, तिच्यावर दोन चित्रं रंगवलेली, एक चड्डीवाला बुवा आणि एक दुधाच्या बादल्या घेतलेली गवळण, आणि दोघांच्या तोंडाच्या जागी भोकं. मागून डोकं घालायचं आणि फोटो काढून घ्यायचा. साहेबाने मामूंना बुवाचं भोक दाखवलं. मामूंनी टोप छातीशी धरून नकाराची मान हलवली. साहेबाचा चेहरा पडला. त्याला नाराज करून चाचांचं गिऱ्हाईक घालवायची माझी हिंमत नव्हती. मी पुढे झालो आणि घाईत दुसऱ्याच भोकात डोकं घातलं.

गवळणीच्या.

आत जाताना कान मागे मिटले आणि डोकं सुळकन गेलं. फोटो निघाला. इंग्रज बायका पुन्हा जमल्या. साहेब म्हणाला, "गूट, गूट." मी डोकं मागे ओढलं, तेव्हा कान उघडले. जाताना ते माझ्या बाजूने होते, येताना फळीच्या बाजूने झाले. डावीकडून प्रयत्न केला, उजवीकडून केला. फळीला दोरीने बांधलेल्या खऱ्या बादल्या खडखडल्या. खानसामा तेल घेऊन आला. माझे कान तळायला घेतल्यासारखे चमकायला लागले, पण सुटले नाहीत. शेवटी साहेबाने कॅम्पच्या सुताराला करवत घेऊन बोलावलं.

सुतार येईपर्यंत मी गवळण होऊन उभा होतो. पुढे गर्दी हसत होती. मामू फळीच्या मागच्या बाजूला, म्हणजे माझ्या धडापाशी होते. मला ते दिसत नव्हते, फक्त टोपाचा हुंकार अधूनमधून ऐकू येत होता. विचारायचं तर आत्ताच, असं मला वाटलं. तोंड समोर नसलं की काही गोष्टी विचारणं सोपं जातं.

"मामू," मी गर्दीकडे बघत म्हणालो, "घरी काय सांगणार?"

मागून एक विचित्र आवाज यायला लागला. आधी मला वाटलं त्यांना ठसका लागला. मग फळी हलायला लागली. मामू माझ्यामागे फळी धरून हसत होते. फळी हलत होती, बादल्या वाजत होत्या, आणि मला तो मांडवाचा खांब आठवला. हे हसू त्या घराण्यातलंच होतं.

"काय सांगू?" मामू डोळे पुसत म्हणाले असावेत, कारण आवाज ओला होता. "सांगेन, कपडे शिवायला टाका. पोरगा खोटा नाय. खोटं बोलायला आत काहीतरी असावं लागतं."

"म्हणजे होय, मामू?"

"तू हलू नको. करवत आली."

सुताराने करवत फळीला लावली. मामू पुढच्या बाजूला आले. एका काखेत माझा टोप होता. त्यांनी दुसऱ्या हाताने फळीवर टिचकी मारली, मग माझ्या टाळूवर, मग पुन्हा फळीवर, पुन्हा टाळूवर, आणि प्रत्येक वेळी कान पुढे केला.

"जपून रे बाबा," ते सुताराला म्हणाले, "आवाजावरून फळी कुठली आणि डोकं कुठलं, काय कळत नाय."